जगन्नाथराव भोसले

जगन्नाथराव कृष्णराव भोसले (१९०६ – १९६३) हे ब्रिटिश भारतीय सैन्यातील अधिकारी, आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ, पहिल्या लोकसभेचे सदस्य आणि केंद्र सरकारचे पुनर्वसन उपमंत्री होते. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी १९४३ मध्ये स्थापन केलेल्या आझाद हिंद सरकारात त्यांनी सैन्याचा प्रतिनिधी म्हणून काम केले. स्वातंत्र्यानंतर निर्वासित मुलांसाठी त्यांनी सुरू केलेली राष्ट्रीय शिस्त योजना पुढे देशातील अनेक शाळांपर्यंत पोहोचली. महाराष्ट्रात ते जनरल भोसले या नावाने ओळखले जातात. त्यांना जनरलपद देणारी सेना १९४५ मध्येच संपली आणि स्वतंत्र भारताच्या सैन्यात त्यांना कधीही स्थान मिळाले नाही. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध समजून घेताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

बालपण आणि शिक्षण

जगन्नाथरावांचा जन्म १९०६ मध्ये तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील तिरोडा या गावी झाला. गोव्याच्या सीमेजवळचे हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यात आहे. भोसले हे संस्थानाच्या राजघराण्याचेही कुळनाम होय. दक्षिण कोकणात शेती पुरेशी पिकत नसे, त्यामुळे कर्त्या पुरुषाने मुंबईची वाट धरावी किंवा पलटणीत भरती व्हावे, हा तेथील जुना रिवाज होता. पलटणीत गेलेला कोकणी माणूस शिपायापासून सुरुवात करी आणि फार झाले तर सुभेदारापर्यंत पोहोचे. त्यापुढची पायरी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखलेली असे.

पहिल्या महायुद्धानंतर ही परिस्थिती किंचित बदलू लागली. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी महाविद्यालयात दरवर्षी दहा जागा भारतीय तरुणांना देण्याचे ठरले. त्या जागांसाठी मुले तयार व्हावीत म्हणून मार्च १९२२ मध्ये देहरादून येथे प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज उघडण्यात आले. नावात कॉलेज असले तरी ती वस्तुतः इंग्रजी वळणाची निवासी शाळा होती. जगन्नाथराव या शाळेच्या आरंभीच्या काळातील विद्यार्थी होते. तेथून ते सँडहर्स्टला गेले आणि १९२८ मध्ये राजाची सनद मिळवून अधिकारी झाले.

या पिढीतील आणखी दोन नावे येथे नोंदवली पाहिजेत. कोल्हापूर भागातील शंकरराव पांडुरंग पाटील थोरात आणि कूर्गचे के. एस. थिमय्या यांचाही जन्म १९०६ चाच. दोघेही सँडहर्स्टला शिकून १९२६ मध्ये अधिकारी झाले होते. तिघांचे शिक्षण एकाच ठिकाणी झाले आणि तिघांनी निष्ठेची शपथही एकाच राजाची घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात हेच तिघे ब्रह्मदेशाच्या रणांगणाशी परस्परविरुद्ध बाजूंनी जोडले गेले.

मराठा पलटणीत

भोसले यांची नेमणूक पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री या पायदळ रेजिमेंटमध्ये झाली. भारतीय अधिकाऱ्यांसाठी सरकारने १९२३ मध्ये आठ पलटणी निवडल्या होत्या आणि मराठा रेजिमेंटची पाचवी पलटण त्यांपैकी एक होती. ही योजना वरवर उदार दिसे. प्रत्यक्षात तिचा हेतू भारतीय अधिकाऱ्यांना ठरावीक पलटणींपुरते मर्यादित ठेवण्याचा होता, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याला भारतीयाच्या हाताखाली काम करण्याची वेळ येऊ नये. सनद एकच असली तरी क्लबचे दार, वरच्या पदांच्या संधी आणि रोजची वागणूक यांतील भेद या अधिकाऱ्यांना पदोपदी जाणवत असे. आझाद हिंद सेनेत गेलेल्या अनेकांनी नंतर आपल्या निर्णयामागे या अनुभवाचा वाटा असल्याचे सांगितले आहे.

भोसले यांची गणना त्या काळातील कर्तबगार भारतीय अधिकाऱ्यांत होई. युद्ध सुरू झाल्यावर बढतीचा वेग वाढला आणि १९४२ च्या आरंभी ते लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यावर होते. त्या वेळी भारतीयांच्या दृष्टीने हा फार मोठा हुद्दा होता.

सिंगापूरचा पाडाव

जपानी सैन्य ८ डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या पूर्व किनाऱ्यावर कोटा भारू येथे उतरले. सत्तर दिवसांत त्याने संपूर्ण द्वीपकल्प काबीज केले आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर येथील ब्रिटिश सेनापती लेफ्टनंट जनरल पर्सिव्हल शरण आले. दोन दिवसांनी, १७ फेब्रुवारीस, फॅरर पार्क मैदानावर भारतीय सैनिकांना एकत्र करण्यात आले. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांना त्यांच्यापासून आधीच वेगळे करण्यात आले होते. एका ब्रिटिश अधिकाऱ्याने या भारतीय सैनिकांना जपान्यांच्या ताब्यात दिले. जपानी मेजर फुजिवारा यांनी त्यांना भारतीय स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सेनेत सामील होण्याचे आवाहन केले आणि चौदाव्या पंजाब रेजिमेंटमधील कॅप्टन मोहनसिंग यांच्याकडे त्यांचे नेतृत्व सोपवले. त्या मैदानावर जमलेल्या भारतीय सैनिकांची संख्या चाळीस ते पंचेचाळीस हजारांच्या घरात होती. या सेनेपुढे पहिला पेच उभा राहिला तो येथेच. सैन्यात ज्येष्ठतेला धर्माइतके महत्त्व असते आणि आता एका कॅप्टनने लेफ्टनंट कर्नलांना हुकूम द्यायचे होते. भोसले हे मोहनसिंगांपेक्षा दोन हुद्दे वरचे. तरीही त्यांनी नव्या सेनेत काम करण्याचे स्वीकारले.

हा निर्णय सर्वांनी घेतला नाही. अनेक अधिकारी आणि जवान आपल्या शपथेला चिकटून राहिले आणि युद्धकैदी म्हणून त्यांनी हालअपेष्टा सोसल्या. त्यांतील कित्येकांना न्यू गिनीच्या बेटांवर मजुरीसाठी पाठवण्यात आले आणि ते परत आले नाहीत. जे सेनेत गेले त्या सर्वांचे हेतूही सारखे नव्हते. काहींना देशप्रेमाने ओढले, तर काहींना छावणीतील उपासमार टाळायची होती. आपल्या जवानांचे जपान्यांपासून रक्षण करता येईल, या विचाराने गेलेलेही काही होते. देशभक्त आणि देशद्रोही अशा दोनच कप्प्यांत ही माणसे बसवली, तर त्या मैदानावरील प्रसंग नीट उमगत नाही.

आझाद हिंद सेना

पहिली आझाद हिंद सेना १ सप्टेंबर १९४२ रोजी रीतसर उभी राहिली. तिच्यात गांधी, नेहरू आणि आझाद या नावांच्या गनिमी रेजिमेंटा होत्या आणि त्यांच्या जोडीला हिंदुस्थान फील्ड फोर्स ही तुकडी होती. या तुकडीचे नेतृत्व भोसले यांच्याकडे देण्यात आले. परंतु थोड्याच महिन्यांत मोहनसिंग आणि जपानी अधिकारी यांच्यात तीव्र मतभेद झाले. ही सेना मित्रराष्ट्राची स्वतंत्र सेना आहे की जपानी सैन्याच्या हातातील साधन आहे, याचे स्पष्ट उत्तर मोहनसिंगांना हवे होते आणि ते जपानकडून मिळत नव्हते. डिसेंबर १९४२ च्या अखेरीस त्यांना अटक झाली. आपल्याला अटक झाल्यास सेना विसर्जित समजावी, असा आदेश त्यांनी आधीच देऊन ठेवला होता.

१९४३ चे पहिले काही महिने या सेनेच्या इतिहासात फारसे वर्णिले जात नाहीत. मोहनसिंगांचा काळ संपला होता आणि नेताजी अजून यायचे होते. हजारो जवान आपण कोण आहोत, युद्धकैदी की सैनिक, या संभ्रमात छावण्यांत बसून होते. त्या अवघड काळात सेना विखुरली नाही, याचे बरेचसे श्रेय भोसले यांना द्यावे लागते. ज्येष्ठ क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्या पुढाकाराने फेब्रुवारी १९४३ मध्ये सेनेची फेररचना झाली. लष्करी विभागाचे संचालकपद भोसले यांच्याकडे आले. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल, हबीबूर रहमान हे अधिकारी त्यांच्या हाताखाली निरनिराळी खाती सांभाळत होते. यावेळी सेनेची सूत्रे कोणा एका व्यक्तीच्या हाती एकवटू नयेत, अशी रचना मुद्दाम करण्यात आली होती. भोसले यांच्या स्वभावाला ती मानवली. सैन्य चालवण्यासाठी लागणारी शांत कारकुनी चिकाटी त्यांच्याकडे होती. अशा चिकाटीचे पोवाडे कोणी रचत नाही, पण तिच्याशिवाय पलटण एक दिवसही उभी राहत नाही.

नेताजी २ जुलै १९४३ रोजी सिंगापूरला पोहोचले. ४ जुलैला त्यांनी रासबिहारी बोस यांच्याकडून पूर्व आशियातील चळवळीचे नेतृत्व स्वीकारले आणि दुसऱ्या दिवशी नगरभवनासमोरील पाडांग मैदानावर सेनेची मानवंदना घेतली. तेथे जी शिस्तबद्ध सेना नेताजींसमोर उभी राहिली, ती मागील पाच महिन्यांत टिकवून ठेवलेली सेना होती.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा झाली. राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान, युद्धमंत्री आणि परराष्ट्रमंत्री ही पदे नेताजींकडे होती. लक्ष्मी स्वामिनाथन यांच्याकडे महिला विभाग, एस. ए. अय्यर यांच्याकडे प्रचार आणि ए. सी. चटर्जी यांच्याकडे अर्थखाते होते. सैन्याचे प्रतिनिधी म्हणून जे आठ अधिकारी मंत्रिमंडळात घेण्यात आले, त्यांत भोसले होते. सेनेच्या मुख्यालयात ते चीफ ऑफ स्टाफ झाले आणि पुढे मेजर जनरल या हुद्द्यावर पोहोचले.

चीफ ऑफ स्टाफ हा रणांगणावर तुकडी घेऊन धावणारा अधिकारी नसतो. सेनापतीच्या इच्छेला हुकूम, वेळापत्रक, रसद आणि माणसे यांचे रूप देणे हे त्याचे काम असते. आझाद हिंद सेनेत हे काम विशेष कठीण होते. जुन्या सैन्यातील कसलेल्या जवानांबरोबर आता मलायातील रबराच्या मळ्यांत राबणारे तमिळ मजूर, दुकानदार, कारकून असे हजारो नागरिक भरती होत होते. त्यांतील अनेकांनी भारत पाहिलाही नव्हता. त्यांना सैनिक बनवायचे होते. शस्त्रे मुख्यतः ब्रिटिशांकडून जपान्यांनी हस्तगत केलेली आणि जुनी होती. गाड्या, औषधे, मच्छरदाण्या, दारूगोळा या सर्वांसाठी जपानी सैन्यावर अवलंबून राहावे लागे आणि जपानी सैन्याचीच रसद दिवसेंदिवस आटत चालली होती.

जानेवारी १९४४ मध्ये सेनेचे मुख्यालय रंगूनला हलले आणि मार्चमध्ये इम्फाळची मोहीम सुरू झाली. आझाद हिंद सेनेच्या तुकड्या भारताच्या भूमीवर पोहोचल्या. परंतु पावसाळा सुरू झाला, पुरवठा तुटला आणि जुलैमध्ये माघार घ्यावी लागली. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा भूक, मलेरिया आणि अतिसार यांनी अधिक जवान मारले. या मोहिमेच्या अपयशाची चर्चा करताना रणनीतीच्या चुका दाखवल्या जातात. पण डोंगरदऱ्यांतून तांदळाची पोती पुढे पोहोचवायला ना जनावरे होती ना गाड्या, ही साधी बाब निर्णायक ठरली. एखाद्या चीफ ऑफ स्टाफची कार्यक्षमता कितीही असली तरी जे मुळात उपलब्धच नाही ते तो पुरवू शकत नाही.

जानेवारी १९४५ मध्ये अराकान किनाऱ्यावरील कांगाव येथे जपानी सैन्याविरुद्ध मोठी लढाई झाली. तेथील ब्रिटिश भारतीय ब्रिगेडमध्ये थोरात आणि थिमय्या हे आपापल्या पलटणींचे प्रमुख होते. त्या शौर्याबद्दल दोघांनाही डीएसओ हे पदक मिळाले. थिमय्या यांचे वडील बंधू मात्र आझाद हिंद सेनेत होते. कांगावच्या वेळी भोसले त्याच देशात, जपानच्या बाजूने लढणाऱ्या सेनेच्या मुख्यालयात होते.

लाल किल्ला

रंगूनचा पाडाव जवळ आल्यावर नेताजींनी एप्रिल १९४५ च्या अखेरीस ते शहर सोडले. ऑगस्टमध्ये जपान शरण आला. आझाद हिंद सेनेचे अधिकारी ब्रिटिशांच्या हाती पडले आणि त्यांना भारतात आणण्यात आले. भोसले यांनाही बंदिवास भोगावा लागला.

५ नोव्हेंबर १९४५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावरील लष्करी खटला सुरू झाला. भुलाभाई देसाई यांनी त्यांच्या बचावाचे काम पाहिले. परतंत्र राष्ट्राला स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा अधिकार आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. न्यायालयाने तिघांना दोषी ठरवले, परंतु देशभर उसळलेला क्षोभ पाहून सरसेनापती ऑकिनलेक यांनी जानेवारी १९४६ च्या आरंभी त्यांची जन्मठेप माफ केली. त्यानंतर उरलेल्यांपैकी बहुतेकांवर खटले चालवण्याचा नाद सरकारने सोडला. भोसले हुद्द्याने या तिघांहून वरिष्ठ होते, तरी त्यांच्यावर खटला चालला नाही. त्यामुळे लाल किल्ल्याच्या खटल्याने त्या तिघांची नावे घराघरांत पोहोचली आणि मुख्यालय सांभाळणारे भोसले सामान्य वाचकाला तुलनेने अपरिचित राहिले.

स्वातंत्र्य मिळाल्यावर या अधिकाऱ्यांना व जवानांना सैन्यात परत घेतले जाईल, अशी अनेकांची अपेक्षा होती. तसे झाले नाही. शपथ मोडून गेलेले आणि शपथेवर टिकून राहिलेले एकाच पलटणीत आणल्यास सैन्यात फूट पडेल, ही भीती वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना होती आणि नेहरू सरकारने ती ग्राह्य धरली. व्यवहाराच्या दृष्टीने या निर्णयात तथ्य होते, परंतु ज्यांच्या नावाने देशभर मिरवणुका निघाल्या त्यांनाच सैन्याचे दार बंद राहिले, ही विसंगती लपत नाही. थिमय्या पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले आणि थोरात पूर्व विभागाचे सेनापती म्हणून निवृत्त झाले. भोसले यांनी वयाच्या चाळिशीतच कायमचा गणवेश उतरवला.

लोकसभेत

आझाद हिंद सेनेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वाटा स्वातंत्र्यानंतर फुटल्या. कियानी आणि हबीबूर रहमान पाकिस्तानात गेले. आबिद हसन परराष्ट्र सेवेत शिरले. शाहनवाज खान काँग्रेसतर्फे मेरठकडून लोकसभेत गेले आणि रेल्वे खात्याचे उपमंत्री झाले. भोसले यांनीही राजकारणाचा मार्ग धरला.

सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्याचा भाग बनले होते. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या जिल्ह्यात लोकसभेचे उत्तर आणि दक्षिण असे दोन मतदारसंघ होते. भोसले काँग्रेसच्या उमेदवारीवर रत्नागिरी उत्तर मतदारसंघातून निवडून आले. त्यांचे जन्मगाव मात्र जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला होते. दक्षिण मतदारसंघातून मोरेश्वर दिनकर जोशी विजयी झाले.

१९५२ मध्येच भोसले यांची पुनर्वसन खात्याचे उपमंत्री म्हणून नियुक्ती झाली. त्यांच्या कारकिर्दीत हे खाते प्रथम अजितप्रसाद जैन यांच्याकडे आणि नंतर मेहरचंद खन्ना यांच्याकडे होते. फाळणीमुळे भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या १९५१ च्या जनगणनेनुसार सत्तर लाखांहून अधिक होती. त्यांना निवारा, धंदा, कर्ज, शिक्षण आणि सोडून आलेल्या मालमत्तेची भरपाई मिळवून देण्याचे काम या खात्याकडे होते. भरपाईसंबंधीचा महत्त्वाचा कायदा १९५४ मध्ये संमत झाला. पंजाबमधील निर्वासितांचा प्रश्न बऱ्याच अंशी मार्गी लागत असताना पूर्व बंगालमधून येणाऱ्यांचा ओघ चालूच होता.

महाराष्ट्रातील वाचकाला या कामाचे स्वरूप उल्हासनगरवरून कळेल. कल्याणजवळ युद्धकाळात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची सोय करण्यात आली होती आणि ऑगस्ट १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. लष्करी छावणीचे गाव, गावाचे शहर, असा हा प्रवास देशात इतरही ठिकाणी घडत होता. छावण्या, रांगा, रसदवाटप, साथीचे रोग, हताश झालेली माणसे हे सारे भोसले यांना नवीन नव्हते. मलाया आणि ब्रह्मदेशात त्यांनी तेच हाताळले होते.

राष्ट्रीय शिस्त योजना

पुनर्वसन खाते निराधार स्त्रिया व मुले यांच्यासाठी आश्रयगृहे चालवत असे. दिल्लीच्या लाजपतनगर भागातील कस्तुरबा निकेतन हे त्यांपैकी एक. तेथील अनेक मुलांनी वडिलांना गमावले होते, घरे जळताना पाहिली होती आणि त्यांची पुढची कित्येक वर्षे छावण्यांमध्ये गेली होती. शाळेत न बसणे, भांडणे, चोऱ्या या तक्रारी नित्याच्या झाल्या होत्या. भोसले यांनी जुलै १९५४ मध्ये या मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू केला आणि त्याला राष्ट्रीय शिस्त योजना हे नाव मिळाले.

योजनेची आखणी सोपी होती. कवायत आणि व्यायाम हा तिचा पाया. त्याच्या जोडीला समूहगीते, थोर स्त्रीपुरुषांच्या गोष्टी, स्वच्छता, नागरिकाची कर्तव्ये आणि मुलांनी स्वतः कार्यक्रम पार पाडण्याचा सराव. योजनेत बंदूक नव्हती. १९४८ मध्ये कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेहून ती याच बाबतीत वेगळी होती. छात्रसेना निवडक विद्यार्थ्यांना सैनिकी शिक्षण देई, तर भोसले यांना शाळेतील प्रत्येक मूल रांगेत हवे होते, मग ते मुलगा असो वा मुलगी, सशक्त असो वा अशक्त. मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. डॉ. ना. सु. हर्डीकर यांचे हिंदुस्थानी सेवा दल, १९४१ मधील राष्ट्र सेवा दल, त्याआधी गावोगावच्या तालमी यांनी व्यायाम आणि राष्ट्रभावना यांची सांगड येथे केव्हाच घातली होती. भोसले यांनी तीच सांगड सरकारी शाळेच्या वेळापत्रकात आणली.

कस्तुरबा निकेतनमधील बदल लोकांच्या नजरेत भरला. पंतप्रधान नेहरूंनीही या उपक्रमाचे कौतुक केले आणि निर्वासितांच्या इतर शाळांमध्ये तो सुरू झाला. पन्नाशीच्या दशकात विद्यार्थ्यांमधील बेशिस्त हा सार्वजनिक चिंतेचा विषय झाला होता. त्यामुळे अन्य शाळांकडूनही मागणी येऊ लागली. योजना पुनर्वसन खात्याकडून शिक्षण मंत्रालयाकडे गेली. तिच्यासाठी प्रशिक्षक तयार करण्याची संस्था राजस्थानातील सरिस्का येथे चालवली जाई.

योजनेवर टीकाही झाली. एकाच शाळेत छात्रसेना, तिची कनिष्ठ शाखा, बालवीर पथक, शारीरिक शिक्षणाचा तास आणि शिस्त योजना अशा अनेक गोष्टी एकमेकींच्या पायात येऊ लागल्या. मुख्याध्यापकांनी वेळ कोणाकोणाला द्यावा, असा प्रश्न निर्माण झाला. शिवाय हुकमावर पावले टाकणे आणि स्वतःहून नीट वागणे या दोन गोष्टी एक आहेत का, हा शिक्षणशास्त्रातील जुना वाद होताच. सरकारने १९५९ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या समितीने वेगवेगळ्या योजना मोडून शारीरिक शिक्षणाचा एकच एकत्रित कार्यक्रम करावा, अशी शिफारस केली. या टीकेत वजन होते. तरीही ज्या मुलांसाठी ही योजना मुळात जन्मली, त्यांच्या बाबतीत तिचे मोल निराळे मोजले पाहिजे. ज्यांच्या दिवसाला सकाळ-संध्याकाळ असा काही आकारच उरला नव्हता, त्यांना ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, आपल्यासारख्या दुसऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहता आले. छावणीतल्या मुलासाठी हेही थोडे नव्हते.

१९५७ नंतर

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीमुळे पश्चिम महाराष्ट्र व कोकणात काँग्रेसला जबर धक्का बसला. रत्नागिरी जिल्ह्यातील लोकसभेच्या दोन्ही जागा तिच्या हातून गेल्या. रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आशर आणि राजापूरमधून प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै निवडून आले. भोसले दुसऱ्या लोकसभेत नव्हते. त्यांची संसदीय कारकीर्द एका मुदतीचीच ठरली आणि सभागृह गाजवणारे वक्ते म्हणून त्यांची ख्याती नव्हती. शिस्त योजनेचे काम मात्र त्यांनी सोडले नाही. उरलेली वर्षे त्यांनी तिच्या प्रसारातच घालवली.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर शाळा-महाविद्यालयांतील सैनिकी व शारीरिक शिक्षणाकडे देशाचे लक्ष एकाएकी वळले. १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची करण्यात आली. त्याच वर्षी भोसले यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, १९६५ मध्ये, कुंझरू समितीच्या शिफारशीनुसार राष्ट्रीय शिस्त योजना नॅशनल फिटनेस कोअर या नव्या कार्यक्रमात विलीन झाली आणि पुढे तिचे शिक्षक राज्य सरकारांकडे वर्ग करण्यात आले. आझाद हिंद सेनेच्या सैनिकांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून केंद्र सरकारच्या १९७२ च्या निवृत्तिवेतन योजनेत सामावून घेतले गेले. तेव्हा भोसले यांच्या निधनाला नऊ वर्षे झाली होती.

स्मृती

सावंतवाडी येथील सार्वजनिक उद्यानाला जगन्नाथराव भोसले यांचे नाव देण्यात आले आहे. मुंबईत नरिमन पॉइंट भागात मंत्रालयाच्या परिसरातील एका रस्त्याला जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग असे नाव आहे. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानची वास्तू याच रस्त्यावर आहे.